कात्री खालून चालते

ओळमावशींनी एका दैनिकाच्या फोटो विभागात, कोपऱ्यातल्या डगमगत्या टेबलावर बसून, एकतीस वर्षं एकच काम केलं. फोटोखालच्या ओळी लिहिल्या. 'उद्घाटन करताना अमुक, शेजारी तमुक', आणि डावीकडून तिसरे कोण ते कुणालाच ठाऊक नसलं की 'आदी मान्यवर'. फोटो काढणारा मोहीम फत्ते करून आल्यासारखा यायचा, फोटो टेबलावर टाकायचा, 'लिहा हो काहीतरी' म्हणायचा आणि चहाला जायचा. त्या 'काहीतरी'त चूक निघाली की दुसऱ्या दिवशी फोन मात्र मावशींच्या टेबलावर वाजायचा. एका गृहस्थांना त्यांनी डावीकडून दुसऱ्याऐवजी तिसरं केलं, तर ते गृहस्थ पेपर घेऊन समोर येऊन बसले आणि दोन तास स्वतःला मोजून दाखवत राहिले.

लोकांना वाटायचं, बाईचा स्वभावच तिखट. तसं नव्हतं. मावशींच्या रागाला कारण होतं, आणि ते त्यांच्याच हातातल्या पेन्सिलीत होतं.

फोटो ज्याने काढला त्याचं नाव ओळीच्या शेवटी, कंसात येतं. आणि मजकूर जागेपेक्षा जास्त झाला की कात्री खालून चालते, ही छापखान्याची फार जुनी रीत. वरचं महत्त्वाचं, खालचं गेलं तरी चालतं. त्यामुळे नव्या पोरांची नावं एकतीस वर्षं 'जागा नव्हती' या सबबीखाली जात राहिली. मुख्य छायाचित्रकाराचं नाव मात्र एकदाही गेलं नाही. मोठ्या माणसाच्या नावाला जागा आपोआप होते. त्याच्यावर कळस म्हणजे विभागाचा न लिहिलेला नियम: शिकाऊ पोराचा पहिल्या वर्षातला चांगला फोटो मुख्य माणसाच्या नावाने जायचा. वाईट फोटो पोराच्या नावाने जायला हरकत नव्हती, पण वाईट फोटो छापतो कोण? मावशी ओळ लिहायच्या, आणि कंसात साहेबांचं नाव लिहायच्या. सांगितलं तसं. पगार घरी न्यायच्या आणि जेवताना कुणाशी बोलायच्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच रविवारी त्यांनी घरच्या बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला आणि फोटो काढू पाहणाऱ्या पोरापोरींना बोलावलं. दहा ते एक. फी काही नाही, पण वही पाहिजे. कॅमेरा कुणाचाही असो, भावाचा, उसना, तडा गेलेल्या मोबाइलचा, त्यावर मावशी बोलायच्या नाहीत. वही नसेल तर मात्र दारातूनच परत. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव, फोटोच्या आधीच्या मिनिटाला काय झालं आणि नंतरच्या मिनिटाला काय झालं, हे वहीत नसेल तर तो फोटो त्या बघायच्याच नाहीत. आणि बघायला घेतला की एकच वाक्य: "आधी हात बघ. तोंडं कॅमेऱ्यासमोर खोटं बोलतात. हातांना तेवढी अक्कल नसते."

मावशींचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचं काम करून निवृत्त झालेले. पोरांना चहा द्यायचं खातं त्यांच्याकडे. बायकोकडे लांबून, चष्मा खाली करून बघायचे आणि पोरांच्या कानात तिच्या रागाचा आकडा सांगायचे. "आज बेताचंय. विचारा काय विचारायचं ते."

त्या गुरुवारी सकाळी काकांनी आकडा वाचला आणि चहाचा कप हळूच बायकोच्या कोपरापासून लांब सरकवला.

पहिल्या पानावर अर्धं पान भरून फोटो होता. आदल्या दिवशी कापडाच्या गोदामाला आग लागली होती, तिथला. लोखंडी जिना, जिन्यात धूर, आणि धुरातून खाली येणारी दोन माणसं: अग्निशमन दलाचा एक तगडा जवान आणि डोक्याला ओला फडका बांधलेली पन्नाशीची बाई. खाली ओळ: 'धुरात अडकलेल्या महिलेला जिवाची बाजी लावून खाली आणताना अग्निशमन दलाचा जवान.' आणि कंसात मुख्य छायाचित्रकारांचं नाव.

"काय झालं?" काका म्हणाले.

"हात बघा."

काकांनी बघितले. "बाईनं त्याला धरलंय."

"कुठं धरलंय?"

"कमरेच्या पट्ट्याला. मागून."

"आणि ह्याचा हात?"

"लोंबतोय."

"वाचवणाऱ्याचा हात असा लोंबतो का हो? वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा?" मावशींनी पेपर आपटला. "हा माणूस बेशुद्ध आहे! ही बाई त्याला ओढून आणतेय! आणि ओळ लिहिणारा तिथे नव्हता. मी सांगते, लिहिणाराही नव्हता आणि कंसातलाही नव्हता!"

एवढ्यात दार वाजलं. दारात खटकी उभी होती.

खटकी म्हणजे मावशींच्या रविवारच्या खोलीतली सगळ्यात उतावळी पोरगी. पहिल्या दिवशी तिने तीन तासांत चारशे फोटो काढले होते, त्यातले चाळीस काकांच्या चहाच्या कपाचे. सतत कॅमेऱ्याचा खटका वाजवते म्हणून खटकी. सहा महिन्यांपूर्वी मावशींनीच तिला दैनिकात शिकाऊ म्हणून चिकटवलं होतं. त्याआधी नव्या संपादकांना भेटून त्या स्पष्ट विचारून आल्या होत्या, पोरीचं नाव पोरीच्या फोटोखाली येणार का. "मावशी, काळ बदलला," असं संपादक म्हणाले होते. मावशींनी त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवला. आता त्यांना स्वतःचाही राग येत होता.

खटकीच्या हातात तोच पेपर होता. रडून झालेलं होतं, डोळे नुसते सुजलेले.

"बाबांनी बघितला," ती म्हणाली. "नाव शोधलं. मग म्हणाले, चांगला काढतो हा माणूस फोटो."

काका उठून आत गेले. असलं ऐकवत नाही त्यांना.

बाबांनी सहा महिने दिले होते. एक तरी फोटो तुझ्या नावाने छापून आलेला दाखव, नाहीतर एक तारखेपासून मामाच्या चष्म्याच्या दुकानात बस. एक तारीख रविवारी होती. बाबा वाईट माणूस नव्हते, नुसते हिशेबी होते. सहा महिने पोरगी उन्हातान्हात पळते, धुळीने माखून येते आणि पेपरात नाव मात्र भलत्याचंच, याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला होता: पोरगी तिथे कॅमेऱ्याच्या बॅगा उचलत असणार.

"वही काढ," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता वही कशाला? झालं ना सगळं..."

"वही काढ म्हणते ना."

वहीत होतं. काळं, ओलं, एका बाजूला काजळी लागलेलं, पण होतं. बाई त्या जिन्याखालीच टेबल मांडून इस्त्री करते. जवान एकटाच वर गेला, त्याच्या मुखवट्याचा पट्टा तुटला. तो खाली येईना म्हणून इस्त्रीवालीनं कपड्यांवर शिंपडायचं पाणी फडक्यावर ओतलं आणि ती वर गेली. खटकी तिच्यामागे चौथ्या पायरीपर्यंत. आणि नंतरच्या मिनिटाखाली लिहिलं होतं: 'बाई ओरडल्या, फोटो नंतर काढ, आधी ह्याचे पाय धर. धरले.'

मावशींनी चष्मा काढला. "किती फोटो काढलेस?"

"एकच."

"तू? एक?"

"पाय जड होते हो त्याचे."

मावशी उठून चपला घालायला लागल्या.

आधी त्या इस्त्रीवालीकडे गेल्या, कारण वहीतलं खरं असलं तरी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकायचं, हा त्यांचाच नियम. जिना काळा पडला होता, पण खाली टेबल मांडलेलं होतं आणि इस्त्री चालू होती. इस्त्रीवाली इस्त्री कापडावर फिरवत नव्हती, हाणत होती.

"वाचलीस म्हणे!" खटकीला बघताच ती म्हणाली. "सकाळपासून जो येतो तो हेच. वाचलीस म्हणे गं, नशीबवान बाई! अगं, मी वाचले? त्या धुडाला सात पायऱ्या ओढून माझी कंबर धरली, आणि मी वाचले? कपडे गुंडाळायला रोज ह्यांचाच पेपर घेते मी. आज अठरा शर्टांना माझंच खोटं गुंडाळून दिलं!"

"चला," मावशी म्हणाल्या.

"कुठं?"

"ज्यानं छापलं त्याच्याकडे."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली, शेजारच्या चांभाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाली.

दैनिकाच्या दारावरच्या रखवालदाराने मावशींना ओळखलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नोंदवही पुढे केलीच नाही. फोटो विभाग आता काचेचा झाला होता. मावशींचं टेबल गेलं होतं, त्या जागी चहाचं यंत्र होतं. काचेमागे मुख्य छायाचित्रकार बसलेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. मावशी त्यांना तू म्हणायच्या, कारण ते अठरा वर्षांचे होते तेव्हापासून ओळखत होत्या.

"मावशी! किती दिवसांनी! बसा, बसा."

"बसायला नाही आले. हा फोटो तू काढलास?"

सरांनी खटकीकडे बघितलं, मग छताकडे. "विभागाचा आहे."

"विभागाला डोळे कधी फुटले?"

"मावशी, पद्धत तुम्हाला माहीत आहे. पहिलं वर्ष..."

"काल दुपारी तू कुठं होतास?"

"नव्या पुलाच्या उद्घाटनाला."

"मग कोण कुणाला वाचवतंय, ते तुला पुलावरून दिसलं?"

"त्यात बघायचं काय?" सर जरा चिडले. "गणवेशातला माणूस वाचवतो, दुसरा वाचतो. कुणालाही कळेल."

"मी दुसरी," इस्त्रीवाली मागून म्हणाली. "मला नाही कळलं ते."

सरांना ती कोण हे आत्ता कळलं. त्यांनी पेपर ओढून घेतला आणि पहिल्यांदाच तो फोटो नीट बघितला. त्यांची बोटं जवानाच्या लोंबत्या हातावर येऊन थांबली. माणूस कारागीर होता, नालायक नव्हता. एका क्षणात त्यांना सगळं दिसलं, आणि ते आपल्याला आधी दिसलं नाही हेही.

मावशींनी आवाज खाली आणला. "कोसळलेल्या पाण्याच्या टाकीचा फोटो आठवतो? तुझा पहिला. एकोणीस वर्षांचा होतास. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून काढलेलास. दुसऱ्या दिवशी खाली तेव्हाच्या साहेबांचं नाव आलं आणि तू जिन्यात बसून रडलास. पाणी मी आणून दिलं होतं."

सरांनी पेपर खाली ठेवला. "आणि साहेबांचं नाव कोणी लिहिलं होतं, मावशी?"

मावशींनी पेपरातल्या कंसावर बोट ठेवलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "माझ्या पेन्सिलीनं. म्हणूनच आलेय."

"मग मी मेलो का त्यानं? बसलोच ना खुर्चीवर?"

"बसलास की. त्याच खुर्चीवर, तसाच."

सरांनी पेपरची घडी घातली. पण माझं नाव काढतो, असं काही म्हणाले नाहीत. मावशींचा राग आता कुठे खरा पेटला. अज्ञानाने केलेली चूक त्या सोसायच्या. ज्याने स्वतः तो घाव खाल्ला, तो जिना पाहिला, त्याने जाणूनबुजून तोच घाव पुढच्या पोरीला द्यावा आणि वर त्याला पद्धत म्हणावं, हे त्यांना गिळता येईना.

त्या तिघी संपादकांच्या खोलीत गेल्या.

संपादक गोड माणूस. त्यांनी तिघींना बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं, तीन वेळा 'अगदी बरोबर' म्हणाले आणि काहीच कबूल केलं नाही. मग खात्री करावी म्हणून त्यांनी अग्निशमन केंद्राला फोन लावला. पलीकडून मोठ्याने बोलणारा अधिकारी होता, सगळ्यांना ऐकू आलं. "अहो, तो जवान कालपासून रुग्णालयात आहे! आज शुद्धीवर आला. कुणा बाईनं त्याला खाली आणलं म्हणतो, तिला आम्ही शोधतोय. आणि तुम्ही छापलंय काय हे?"

संपादकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा गोडवा जरासा पातळ झाला होता.

"उद्या दुरुस्ती टाकतो," ते म्हणाले. "पान तीन. फोटो लहान करून. साठेक शब्द."

"आणि पोरीचं नाव?"

"त्याचं असं आहे मावशी, छायाचित्रकाराचं नाव ही आपली अंतर्गत बाब. वाचकाला त्याच्याशी काय देणंघेणं? तरी बघू. शेवटी कंसात टाकू, जागा राहिली तर."

'जागा राहिली तर.' एकतीस वर्षांत हे तीन शब्दसुद्धा बदलले नव्हते. खटकीने मान खाली घातली. तिला चष्म्याचं दुकान दिसायला लागलं होतं, काउंटरसकट.

मावशी मात्र उठून टेबलाजवळ गेल्या. "कागद द्या. आणि पेन्सिल."

"आमचा उपसंपादक लिहील की."

"काय लिहील? ह्या बाईचं नाव सांगा. जवानाचं सांगा. किती पायऱ्या, सांगा. मुखवट्याचं काय तुटलं, सांगा."

संपादकांनी खटकीच्या हातातल्या वहीकडे बघितलं. खटकीने, कुणी न सांगता, ती छातीशी धरली.

"मी तर ह्या पोरीशिवाय कुणाला काही सांगणार नाही बाबा," इस्त्रीवाली म्हणाली. "नाहीतर कपडे गुंडाळायला दुसरा पेपरही मिळतो गावात."

कागद आला. मावशींनी उभ्यानेच लिहिलं. पेन्सिल कुठे अडली नाही. पहिलं वाक्य इस्त्रीवालीच्या आणि खटकीच्या पूर्ण नावांनी, आडनावांसकट, सुरू होत होतं: ह्या दोघींनी बुधवारी पेटत्या गोदामाच्या जिन्यावरून बेशुद्ध जवानाला खाली आणलं, पहिलीने पट्टा धरून, दुसरीने हा एकच फोटो काढून आणि मग कॅमेरा गळ्यात टाकून त्याचे पाय धरून. दुसऱ्या वाक्यात जवानाचं नाव आणि त्याची तब्येत. तिसऱ्यात, काल चुकीची ओळ आणि चुकीचं नाव छापलं होतं, हे. कंस कुठेच नव्हता.

संपादकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हातातली लाल पेन्सिल पहिल्या वाक्यावर आली, फिरली, आणि परत गेली. त्यातून खटकी काढली तर जवानाचे पाय जिन्यातच राहत होते.

"हुशार आहात," ते म्हणाले. "फक्त शेवटी एक वाक्य आमचं. 'अचूकतेची थोर परंपरा जपणारे आपले हे दैनिक वाचकांप्रती असलेल्या बांधिलकीतून ही दुरुस्ती करत आहे.'"

"घाला की," मावशी म्हणाल्या. "अगदी शेवटी घाला."

शुक्रवारी पान तीनवर एका गादीवाल्याची जाहिरात उशिरा आली आणि दुरुस्तीच्या चौकटीची उंची दोन बोटं कमी झाली. कात्री चालली. रीतीप्रमाणे, खालून. थोर परंपरा गेली, बांधिलकी गेली. दोघींची नावं राहिली.

खटकीच्या बाबांनी ती चौकट तीनदा वाचली. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचली. "आडनाव बरोबर छापलंय," ते म्हणाले. मग आवाज चढवला: "तुला तिथं फोटो काढायला ठेवलंय की माणसं उचलायला? आणि एवढासा काय छापलाय? काल त्या दुसऱ्याच्या नावानं अर्धं पान, आणि माझ्या पोरीच्या नावानं काडेपेटीएवढा?" बोलता बोलता त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि दुकानासाठी दुसरं माणूस बघायला सांगितलं. रागाच्या भरात केलेला फोन होता, पण केला.

रविवारी सगळी पोरं मावशींच्या खोलीत ती चौकट हातोहात फिरवत होती. मावशींना त्यात फारसं सुख दिसेना. "एक," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत एक. आणि तीही आग लागली तेव्हा. टाळ्या कसल्या वाजवताय?" त्यांनी कपाटातून जुन्या फोटोंचं खोकं काढलं, तळाशी असलेला पाण्याच्या टाकीचा फोटो उपसला, उलटा केला, पाठीवरचं साहेबांचं नाव खोडलं आणि त्या जागी सरांचं नाव लिहिलं. पाकिटात घालून टपालाने पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही.

उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी खटकी सांगत आली, "मावशी, तो फोटो सरांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. पण उलटा ठेवलाय. पाठ वर."

"नाव दिसतं?"

"नुसतं नावच दिसतं."

मावशी खुर्चीत टेकल्या. काकांनी लांबून आकडा वाचला आणि कधी नव्हे तो बोटाने खाली दाखवला. उतरतोय. खोलीतल्या पोरांनी सुस्कारा सोडला.

मग मावशींनी त्या दिवशीचा पेपर उघडला. पान पाच. शाळेच्या पडक्या भिंतीचा फोटो, भिंतीवर चढून पलीकडे उडी मारणाऱ्या पोरी. बरा नव्हता, उत्तम होता. खाली कंसात सरांचं नाव.

"हा कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

खटकी जमिनीकडे बघत म्हणाली, "नवीन आलीय एक. तिसराच आठवडा आहे तिचा."

"तिच्याकडे वही आहे?"

"मी दिलीय घेऊन."

मावशी उठल्या. काकांनी काही न विचारता त्यांच्या चपला दाराशी सुलट करून ठेवल्या आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.